बाटलेलं बायबल

कोर्टात जायच्या दिवशी सकाळी लुविनिया टॉलिव्हरने हात धुतले ते बाळंतपणाला निघाल्यासारखे. पंपाचं गार पाणी, घरी केलेला कडक साबण, नखांना ब्रश, आणि मग कोपरापर्यंत फेस. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या विल्मर गावात आणि आसपासच्या कापसाच्या शेतांवर तिने उभं आयुष्य सुईणपण केलं होतं. हात असे घासल्याशिवाय कुठल्याही मोठ्या कामाला लागणं तिला जमायचंच नाही, आणि आजच्याएवढं मोठं काम तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. आज देवाच्या पुस्तकावर हात ठेवून भाच्यासाठी खरं बोलायचं होतं. शपथ घ्यायची म्हणून तिने सकाळपासून तोंडात काही घातलं नव्हतं.

भाचा म्हणजे लूशियस, तिच्या गेलेल्या भावाचा एकुलता एक मुलगा. पोरगा लढाईत फ्रान्सला गेला, तोफगोळ्यांखालून ट्रक चालवून धडधाकट परत आला, आणि त्याचा जबडा मोडला तो विल्मरच्या कोर्टाच्या पायरीवर. मतदार म्हणून नाव नोंदवायला गेला होता. अंगात लष्कराचा कोट होता. डेप्युटी रॉयस मॅबरी दारात आडवा झाला आणि म्हणाला, काळ्यांचं दार मागे आहे, तिकडून ये. लूशियस म्हणाला, साहेब, नोंदणीची खोली पुढच्या बाजूला आहे. बस्स, एवढंच. मॅबरीने दंडुका काढला, आणि लूशियस खाली पडल्यावरही तो थांबला नाही.

लुविनियाने हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. जिल्ह्याची नर्सबाई दर महिन्याला कोर्टाच्या तळघरात सगळ्या सुइणींच्या पिशव्या तपासायची. कात्री उकळलेली आहे का, फडकी पांढरी आहेत का, सगळं उलथंपालथं करून बघायची, आणि मगच परवान्यावर शिक्का मारायची. त्या तपासणीसाठी लुविनिया पायऱ्यांपाशी रांगेत उभी होती. तिच्या मागे अर्लीन, शेजारच्या वस्तीवरची सुईण. समोर मोटारीत मॅबरीची बायको लोरीन बसलेली, नवऱ्याचा डबा घेऊन आलेली, पोट गळ्याशी आलेलं. तिघींनीही पाहिलं की लूशियसचे हात शेवटपर्यंत खालीच होते, कोटाला चिकटून. मार चालू असताना लोरीनची आणि लुविनियाची नजरानजर झाली. लोरीनने मोटारीची काच वर केली.

आणि खटला कुणावर? लूशियसवर. पोलिसावर हात उगारला म्हणून! शिक्षा लागली तर वर्षभर रस्त्याच्या छावणीत, पायात साखळी घालून खडी फोडायची. त्या छावणीतून माणसं परत येत ती ओळखू येत नसत, आणि काही तर येतच नसत.

"अर्लीन, तूही ये साक्षीला," लुविनिया तिला म्हणाली होती. "दोघींनी सांगितलं तर वजन पडेल."

"मी काही पाहिलं नाही बाई," अर्लीन पिशवीचा बंद उगाच सोडत-बांधत म्हणाली. "मी नर्सबाईकडे बघत होते. मला लेकरं आहेत, लुविनिया. माझा परवाना गेला तर त्यांना काय दगड शिजवून घालू?"

लुविनियाने तो विषय तिथेच सोडला. परवाना तिचाही त्याच नर्सबाईच्या हातात होता.

कोर्टात मरणाचं उकडत होतं. काळी माणसं वर माडीवर, गोरी खाली पंख्यांच्या वाऱ्यात. खालचे लोक भुईमुगाच्या शेंगा फोडत होते, टरफलं पायांखाली टाकत होते, तंबाखूच्या पिचकाऱ्या पितळी पिकदाणीत मारत होते, काही पिकदाणीत पडत होत्या, काही बाहेर. बारा ज्युरी, बाराही गोरे. त्यातला एक कापसाच्या जिनिंगचा मालक, एक न्हावी, एक तर मॅबरीच्या बरोबर दर शनिवारी मासे धरायला जाणारा. लूशियस खालच्या बाकावर बेड्या घालून बसला होता, डोक्यावरून हनुवटीखाली फडकं बांधलेलं. दाढदुखीने बेजार झालेल्या माणसासारखा दिसत होता, आणि त्यावरून ज्युरीतल्या दोघांचं हसणं चाललं होतं.

आधी मॅबरीची साक्ष झाली. कोर्टाचा कारकून होबर्ट टील याने त्याच्यासमोर बायबल धरलं. काळ्या कातडी बांधणीचं, कडांना सोनेरी मुलामा असलेलं, हातात घ्यावंसं वाटणारं पुस्तक. मॅबरीने त्यावर पंजा ठेवला. त्याच्या बोटांच्या सांध्यांवरच्या खपल्या अजून गेल्या नव्हत्या. देवाला स्मरून खरं सांगेन म्हणाला, आणि खुर्चीत रेलून पहिल्या वाक्यापासून खोटं बोलायला लागला.

"त्याने मला धक्का दिला. मग मूठ उगारली. मी एकदाच दंडुका चालवला, जजसाहेब, तोही जिवाच्या भीतीने."

"तुम्हाला इजा झाली का, मिस्टर मॅबरी?" सरकारी वकिलाने लोण्यासारख्या आवाजात विचारलं.

"मनाला झाली हो. बायको पोटुशी आहे. मला काही झालं असतं तर?"

खालच्या बाकांवरून हळहळीचे सुस्कारे आले. पुढच्या रांगेत लोरीन मान खाली घालून पंख्याने वारा घेत होती. वर माडीवर लुविनिया मॅबरीच्या बोटांवरच्या खपल्यांकडे बघत राहिली.

मग बचावाचा वकील उठला. कोर्टाने नेमून दिलेला गोरा माणूस, सकाळपासून तिसऱ्यांदा जांभई देत होता. "लुविनिया," त्याने हाक मारली. नुसतं लुविनिया. ना मिसेस, ना आडनाव. मॅबरी मात्र मिस्टर. तिला त्याचं नवल नव्हतं. गावातली गोरी शेंबडी पोरंही तिला "आंटी, इकडे ये" म्हणत, आणि त्यातल्या निम्म्यांची नाळ तिने कापलेली होती.

ती माडीवरून खाली आली. होबर्ट टील साक्षीदाराच्या पिंजऱ्यापाशी उभा होता. लांबट मानेचा, भित्रा, विसरभोळा माणूस. हाही तिच्याच हातांवर जन्मलेला, आणि तोही पायाळू. पाय आधी आले, मान अडकली, आई किंचाळून किंचाळून थकली. लुविनियाने त्याला फिरवून काढला, तोंडातला चिकटा बोटाने साफ केला, तेव्हा कुठे तो रडला. होबर्टला हे ठाऊक होतं. दर नाताळात तो तिच्याकडे डुकराच्या मांसाचा एक तुकडा पाठवायचा, मागच्या दाराने.

होबर्टने सवयीने पुस्तक पुढे धरलं. तिने घासलेला, स्वच्छ, उजवा हात त्यावर ठेवला. कातडं गार लागलं.

"म्हण," होबर्ट पुटपुटला, "मी देवाला स्मरून—"

"मी देवाला स्मरून," लुविनिया म्हणाली, "जे सांगेन ते—"

"ए होबर्ट!" ज्युरीतून जिनिंगवाला ओरडला. "अरे, कुठलं पुस्तक देतोयस तिला?"

शेंगा फुटायच्या थांबल्या. होबर्टने हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं, आणि अंगावर पाल पडावी तसं पुस्तक मागे ओढलं. तिचा हात तसाच हवेत राहिला. मग त्या पायाळूने, त्या तिच्याच हातांवर पहिला श्वास घेतलेल्या माणसाने, बायबलाची वरची बाजू आपल्या विजारीला खसाखसा पुसली.

"ही शपथ धरायची नाही," जज टार्व्हर म्हणाले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "काळ्यांचं बायबल कुठे आहे?"

काळ्यांचं बायबल वेगळं असायचं. पाण्याचा नळ वेगळा, दार वेगळं, दफनभूमी वेगळी, तसं बायबलही. आत तोच देव, तीच वचनं, एका अक्षराचा फरक नाही, पण पाठीवर पांढरी पट्टी चिकटवलेली. होबर्टने खण उघडला. तिथे ते नव्हतं. दुसरा खण उघडला. कपाट उघडलं. कपाटात छत्री निघाली, कुणाची तरी जुनी टोपी निघाली, पुस्तक काही निघालं नाही.

"शेवटचं कधी वापरलं होतं?" जजसाहेबांनी विचारलं.

"हिवाळ्यात असेल, साहेब. ते लोक साक्षीला येतातच कुठे?"

मग कोर्टाचं कामकाज थांबलं आणि चर्चा सुरू झाली. अहाहा, काय ती चर्चा! कातडी बायबलाचं आता काय करायचं? जिनिंगवाला म्हणाला, उद्या माझी बायको वारसाच्या कामात साक्षीला यायची आहे, तिने या पुस्तकावर हात ठेवायचा की काय? न्हाव्याने सुचवलं, स्पिरिटने पुसून काढा, मी वस्तरे तसेच पुसतो. सरकारी वकील म्हणाला, स्पिरिटने सोनेरी मुलामा जाईल. जजसाहेब हनुवटी चोळत विचार करत होते. लूशियसचा जबडा कसा मोडला यावर या माणसांनी सकाळपासून घोटभर पाणी प्यायला लागतो तेवढाही वेळ घालवला नव्हता, आणि आता पुस्तकाच्या विटाळावर शहाण्यांची सभा भरली होती. त्याच पुस्तकावर तासाभरापूर्वी मॅबरीने धडधडीत खोटी शपथ घेतली, ते सगळ्यांनी पाहिलं. तेव्हा कुणाच्या अंगावर पाल पडली नाही, कुणाला स्पिरिट आठवलं नाही. लुविनिया पिंजऱ्यात उभी राहून त्या लाल, घामट चेहऱ्यांकडे बघत होती. तिला राग येईल असं वाटलं होतं. पण राग नव्हता, शिसारी होती. सडक्या मांसाच्या वासाने माणूस तोंड फिरवतो ना, तसं तिला या माणसांवरून तोंड फिरवावंसं वाटत होतं, आणि फिरवायला जागा नव्हती.

"बायबल मिळत नसेल तर साक्षीवाचून खटला पुढे चालवावा," सरकारी वकील साळसूदपणे म्हणाला. "शपथेशिवाय साक्ष कशी घेणार?"

"किंवा पुढच्या सत्रात ढकलू," जजसाहेब घड्याळाकडे बघत म्हणाले. "तोवर आरोपी तुरुंगात राहील."

तुरुंगाच्या किल्ल्या मॅबरीच्या कमरेला होत्या. तो लूशियसकडे बघून हसला.

लुविनियाची नजर काही सुचावं म्हणून इकडेतिकडे फिरली आणि ज्युरीच्या मागच्या खिडकीवर थांबली. कोर्टाच्या खिडक्यांच्या दोऱ्या कधीच्या कुजल्या होत्या. काच वर सरकवली की आपली आपण धाडकन खाली यायची, म्हणून खाली काहीतरी टेकू लावत. एका खिडकीला लाकडाचा ठोकळा होता, दुसरीला वीट. आणि तिसरीला, जिनिंगवाल्याच्या डोक्यामागे त्याला गार वारा देणाऱ्या खिडकीला, एक फुगलेलं जाडजूड पुस्तक उभं खोचलेलं होतं. पाठीवर मळकी पांढरी पट्टी होती आणि वरपासून खालपर्यंत कबुतरांची विष्ठा.

क्षणभर तिला वाटलं, बोलू नये. राहू दे तिथेच. पण मॅबरीच्या कमरेच्या किल्ल्या वाजल्या.

"जजसाहेब," ती म्हणाली. "ते पुस्तक तिथे आहे."

"तुला कुणी विचारलं?"

"नाही विचारलं, साहेब. पण ते खिडकीखाली आहे."

सगळ्या माना वळल्या. जिनिंगवाला उठला आणि त्याने मागे हात घालून पुस्तक ओढून काढलं. खिडकी असा काही आवाज करत खाली आदळली की काचेला तडा गेला, आणि सगळं कोर्ट खो खो हसायला लागलं. जजसाहेबही हसले. मॅबरी तर मांडीवर थापा मारत होता. वर माडीवर मात्र कुणी हसलं नाही.

होबर्टने ते पुस्तक दोन बोटांत, कोपऱ्याला धरून आणलं. मेलेला उंदीर शेपटीला धरून न्यावा तसं. पावसाने पानं फुगून वेडीवाकडी झाली होती. लुविनियाने बाहीतून इस्त्री केलेला रुमाल काढला आणि वरची घाण पुसू लागली.

"आटप, आटप," जजसाहेब म्हणाले. "तिथे काय धुणं धुवायला बसलीस?"

सगळी घाण निघाली नाही. तिने उरलेल्यावरच हात ठेवला आणि शपथ पहिल्यापासून घेतली.

मग तिने जे पाहिलं ते सांगितलं. फार नव्हतं सांगायचं. लूशियस काय म्हणाला, मॅबरीने काय केलं, हात कुठे होते. बचावाच्या वकिलाने एकही प्रश्न जास्तीचा विचारला नाही. सरकारी वकील मात्र बाह्या सारून पुढे आला.

"आंटी, आज तू शपथा किती घेतल्यास?"

"एकच, साहेब. पहिली तुम्ही पुरी होऊ दिली नाहीत."

"म्हणजे दोन पुस्तकांवर हात ठेवलास. मग या सभ्य गृहस्थांनी कुठल्या हातावर विश्वास ठेवायचा?" तो ज्युरीकडे वळून डोळे मिचकावत म्हणाला. ते हसले. "बरं, तुझं वय झालं. पायऱ्यांपाशी रांगेतून तुला भाच्याचे हात स्पष्ट दिसले म्हणतेस?"

"दिसले."

"नजर इतकी चांगली आहे?"

"गेल्या आठवड्यात तुमच्या मेव्हणीच्या बाळाची नाळ मी कापली, साहेब. दिव्याच्या उजेडात. तेव्हा कुणी नजरेचं विचारलं नाही."

माडीवर कुणीतरी खाकरलं. जजसाहेबांनी हातोडा आपटला. सरकारी वकिलाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण आवाज त्याने अजून गोड केला.

"तुझा परवाना जिल्हा देतो ना, आंटी?"

"हो, साहेब."

"मग नीट आठवून सांग. घाई करू नकोस."

लुविनियाने समोर पाहिलं. पुढच्या रांगेत लोरीन मॅबरी तिच्याकडे बघत होती. त्या पोटातलं मूल आता खाली सरकलं होतं, डोकं बसलं होतं. गेल्याच शुक्रवारी लुविनियाने हाताने चाचपून सांगितलं होतं, सगळं ठीक आहे, घाबरू नका. लोरीनने पंखा तोंडापुढे धरला.

"नीटच आठवतंय, साहेब," लुविनिया म्हणाली. "त्याचे हात खाली होते. पडेपर्यंत खाली होते, आणि पडल्यावरही."

ज्युरी आत गेली आणि बाहेर आली. मधल्या वेळात खालच्या लोकांच्या शेंगाही संपल्या नाहीत. दोषी. एक वर्ष, रस्त्याची छावणी.

लूशियसला उठवून नेताना तो माडीच्या जिन्यापाशी थबकला. बांधलेल्या जबड्यातून शब्द धड निघत नव्हते.

"आत्या," तो म्हणाला, "आधी काहीतरी खाऊन घे."

मॅबरीने त्याला मागून ढकललं.

लुविनिया मागच्या दाराने बाहेर पडत होती तेव्हा होबर्ट टील धावत मागे आला. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. इकडेतिकडे बघत त्याने ते पुढे केलं. कागदाच्या फटीतून सोनेरी कड दिसत होती.

"जजसाहेब म्हणाले, टाकून दे," तो कुजबुजला. "नवीन मागवणार आहेत. मला टाकवेना, आंटी. असली कातडी बांधणी आता मिळते कुठे? तू घेऊन जा. कुणाला सांगू नकोस मात्र."

त्याचा चेहरा अगदी भाबडा होता. नाताळचं मांस देताना असायचा तसाच. आपण काही चांगलं करतो आहोत असं त्या माणसाला मनापासून वाटत होतं, आणि दिवसभरात लुविनियाला सगळ्यात जास्त किळस आली ती त्या भाबड्या चेहऱ्याची. मॅबरी निदान जो होता तो होता.

"नको, साहेब," ती म्हणाली.

"अगं, फुकट आहे!"

"मला नको ते. माझ्या घरात नको."

तो पुस्तक छातीशी धरून उभा राहिला. दुखावल्यासारखा दिसत होता. ती त्याला तिथेच सोडून पायऱ्या उतरली.

कोर्टाच्या मागे काळ्यांचा पंप होता. लुविनियाने पिशवी खाली ठेवली, उघडली, ब्रश काढला, साबण काढला, बाह्या वर सारल्या आणि हात धुवायला लागली. आधी नखं. मग बोटांच्या बेचक्या. मग तळहात, ज्या तळहाताला ते गार कातडं लागलं होतं. कबुतरांची घाण केव्हाच गेली होती. तरी ती घासत राहिली. माडीवरची माणसं मागच्या दाराने एकेक बाहेर येत होती, तिच्याकडे बघत होती आणि मान खाली घालून आपल्या वाटेने जात होती. त्यांत अर्लीनही होती.

"आंटी!"

रॉयस मॅबरी कोपऱ्यावरून आला. टोपी मागे सरकवलेली, दात कोरत होता. खटला संपला, त्याच्या दृष्टीने सगळं मिटलं होतं.

"मनात काही धरू नकोस हं," तो म्हणाला. "कामाचं काम. लोरीनचे दिवस भरलेत. पिशवी तयार ठेव, या आठवड्यात केव्हाही गाडी पाठवीन."

लुविनिया घासत होती.

"ऐकतेस ना? लोरीनच्या आईला तूच हवी आहेस. तुझ्या हाताला यश आहे म्हणते ती."

"डॉक्टरला बोलवा," लुविनिया म्हणाली. "चौकातच राहतो. चांगला आहे. गोऱ्यांचं हॉस्पिटलही आहे. लोरीनबाईंची काही आबाळ व्हायची नाही."

"का? तुला काय झालंय?"

तिने ब्रश ठेवला आणि पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत बघितलं. काळ्या बाईने गोऱ्या डेप्युटीच्या डोळ्यांत असं बघायचं नसतं, हे विल्मरमध्ये रांगणाऱ्या पोरालाही कळत होतं.

"माझा हात बाटलाय, साहेब. तुम्ही सकाळी ज्या पुस्तकावर खोटी शपथ घेतलीत, त्याला माझा हात लागला. केव्हाची धुतेय, जात नाही. असला हात मी कोवळ्या जिवाला लावणार नाही."

मॅबरीच्या तोंडातली काडी खाली पडली. मानेपासून कपाळापर्यंत रक्त चढत गेलं. त्याचा हात कमरेकडे गेला, दंडुक्याकडे.

लुविनियाला कळलं की परवाना गेला. उद्या नर्सबाई पिशवी मागून घेईल. तेही कळलं आणि पुढे काय होणार तेही कळलं, कारण ते तिने एकदा पाहिलेलं होतं. ती पंपापासून बाजूला झाली. दोन्ही हात खाली सोडले, अगदी झग्याला चिकटून, बोटं सरळ. फेस टपटप मातीत पडत होता.

"बायांनो," ती मोठ्याने म्हणाली. तिने मान वळवली नाही. "माझे हात कुठे आहेत ते बघून ठेवा."

मागच्या दारातून बाहेर पडणारी माणसं थबकली. काहींनी पावलं उचलली आणि झपझप निघून गेली. अर्लीनही दोन पावलं पुढे गेली होती. मग ती थांबली. वळली, पिशवी पोटाशी घट्ट धरली आणि तिथेच उभी राहिली, लुविनियाच्या हातांवर डोळे रोखून.

मॅबरीने दंडुका काढला. अर्लीनने नजर हलवली नाही.